दुसरा फटका

माइक चालू करण्याआधी कोण कोण आलंय ते बघायला ती खालच्या प्रेक्षकांच्या चौथऱ्यावर एक नजर टाकायची. तशी तिने आजही टाकली आणि ती तिथेच अडकली. मागच्या रांगेत, जिन्याच्या कठड्याजवळच्या खुर्चीवर बसलेल्या पाठमोऱ्या माणसाने मान आधी उजवीकडे वाकवली, मग डावीकडे, आणि तळहाताने हनुवटी ढकलून मान कडकन मोडली. तो आवाज तिच्यापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. मधे समालोचन कक्षाची जाड काच होती, कानावर हेडफोन होते आणि खाली अख्खं स्टेडियम घुमत होतं. तरी तो तिला ऐकू आला. लहानपणी घरात हा आवाज झाला की आई हातातलं काम टाकून दाराची कडी लावायला धावायची, तो बाहेर पडू नये म्हणून. बहुतेक वेळा तिला उशीर व्हायचा. कॉलरच्या वर, मानेवर, भाजून गुळगुळीत झालेल्या कातडीचा पट्टा चमकत होता. शंकेला जागाच उरली नाही. दादा. आई गेल्यापासून दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. तो कुठे राहतो, काय खातो, त्याला कोण हाताला धरून रस्ता ओलांडून देतं, यातलं काही तिने कुणाला विचारलं नव्हतं. आणि आज स्वयंसेविकेने त्याच्या हातात एक छोटा रेडिओ ठेवला होता, कानात इअरफोनचा बोळा बसवून दिला होता, आणि आता थोड्याच वेळात त्या बोळ्यातून तिचा आवाज त्याच्या डोक्यात शिरणार होता.

तिचं काम सोपं असणार असं लोकांना वाटायचं. रेडिओवरच्या समालोचनासारखंच ना, असं विचारायचे. ती हो म्हणायची, कारण समजावत बसायचा तिला कंटाळा होता. रेडिओ ऐकणारा माणूस घरात असतो, त्याला जे सांगाल तेच त्याचं मैदान. तिचं ऐकणारी आंधळी माणसं मात्र त्या गदारोळातच बसलेली असायची. सगळे एकदम ओरडले की त्यांना त्याच क्षणी हवं असायचं, काय झालं, कुणी केलं, कुठे. शब्दाला जरा उशीर झाला की बाकीच्यांचा आनंद त्यांच्या अंगावरून ट्रकसारखा निघून जायचा आणि हे धुरळ्यात उभे. म्हणून ती जिभेला धार लावून बसायची. चौथरा खालच्या आणि वरच्या गॅलरीच्या मधोमध होता. पुढे व्हीलचेअरवाल्यांची रांग, मागे अंधांच्या खुर्च्या, एका अंगाला लिफ्ट, दुसऱ्या अंगाला खालच्या गॅलरीत उतरणारा जिना. पुढच्या रांगेत, दादाच्या बरोब्बर समोर, मास्तर होते. पाय गेलेले आणि नजरही जवळजवळ गेलेली. तरी गळ्यात घरच्या संघाचा लाल मफलर घालून ते प्रत्येक सामन्याला यायचे आणि सामना संपला की वर काचेकडे बघून अंदाजाने हात हलवायचे. आज दादाच्या शेजारी दवाखान्यात मालिश करणाऱ्या बाई बसल्या होत्या. जन्मापासून आंधळ्या. त्या हात हलवायच्या नाहीत. एकदा लिफ्टपाशी भेटल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "तुम्ही खोटं बोलत नाही, ते बरं वाटतं. बाकी सगळे आम्हाला गोड करून सांगतात."

तिने माइक चालू केला आणि नेहमीसारखं सगळ्यांचं स्वागत केलं. पहिल्याच वाक्याला दादाचे खांदे ताठ झाले. त्याने मागे वळून, वर, थेट काचेच्या दिशेने चेहरा केला. आवाज कानातल्या बोळ्यातून येत होता, कुठूनही येऊ शकला असता, तरी त्याने तिला बरोबर शोधलं. मग तो पुन्हा पुढे वळला आणि बोटाने बोळा कानात आणखी आत दाबला.

तिचं तोंड चालत राहिलं. सामन्यात पहिल्यापासूनच खुन्नस होती. पाहुण्या संघाचा बचावपटू समोरच्याच्या घोट्यावर बूट रोवून जायचा आणि पंचाकडे साळसूद तोंडाने बघायचा. एरवी ती सांगायची, "धक्का दिला, फाऊल, चेंडू मध्यरेषेजवळ." आज तिचं तिलाच ऐकू आलं, "बूट थेट नडगीवर. तो कोसळलाय. पाय धरून लोळतोय, तोंड उघडं, दात दिसतायत." आणि खाली दादाची मान हलकेच डोलली. शाब्बास म्हणताना डोलायची तशी.

ही डोलणारी मान तिने फार लहान वयात कमावली होती. दादा तिला खांद्यावर बसवून सामन्याला आणायचा. तेव्हा हे स्टेडियम असं नव्हतं, चौथरा नव्हता, काच नव्हती. सामन्यात कोण जिंकतंय याच्याशी दादाला फारसं घेणं नसायचं. सामना संपला की बस डेपोच्या मागे दोन्हीकडची पोरं जमायची. तो तिला भिंतीवर बसवायचा आणि म्हणायचा, "ढमे, हलायचं नाही. नीट बघ, आणि मग मला सांग मी कसा दिसत होतो." ती नीट बघायची. मूठ गालावर बसते तेव्हा आधी गाल हलतो, मग डोकं, मग आवाज येतो. नाकातलं रक्त एकदम येत नाही, नाक जरा विचार करतं आणि मग सोडतं. घरी जाताना ती सगळं ओळीने सांगायची, तो हसत राहायचा, पेपरमिंट घेऊन द्यायचा. एका संध्याकाळी तिने एका पोराच्या रडण्याची नक्कल केली. दादा इतका हसला की त्याला रस्त्याच्या कडेला बसावं लागलं, आणि तिला वाटलं, जगात आपल्याइतकं हुशार कुणी नाही. आईने विचारलं, खेळ कसा झाला? ती म्हणाली, छान झाला.

पुढे चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणारा एक मुलगा तिच्या आयुष्यात आला. भिंग उजेडाकडे धरून तो एक डोळा मिटायचा तेव्हा त्याच्या कपाळावर एकच बारीक आठी पडायची आणि तिला ती पुसावीशी वाटायची. त्याला कुणीतरी दुसऱ्याच मुलीबरोबर पाहिलं. ती मुलगी त्याची मामेबहीण होती, पण हे कळेपर्यंत दादाने त्याची बोटं दुकानाच्या शटरखाली घातली होती. रात्री घरी येऊन तो शांतपणे हात धूत म्हणाला, "तुझ्यासाठीच केलं. आता त्याला विचार, नक्की कुणाबरोबर फिरायचंय." मुलगा गाव सोडून गेला. ती दादावर ओरडली, त्याच्या छातीवर बुक्क्या मारल्या. तो हलला नाही. "मार," म्हणाला, "मन मोकळं कर. पण असं नाही, अंगठा बाहेर ठेव, नाहीतर मोडेल." आणि त्या तशा अवस्थेतही तिने अंगठा बाहेर काढला होता, हे तिने कधीच कुणाला सांगितलं नाही.

मग एका हाणामारीत त्याच्या तोंडावर पेटता फटाका फुटला. पट्ट्या सुटल्या तेव्हा पट्ट्यांच्या आतही काळोखच होता. आई रडायची. ही खिडकीत बसून त्याला रस्ता सांगायची, कारण तो दिवसभर एकच विचारायचा, काय दिसतंय? सायकलवाला चाललाय. कसला सायकलवाला? म्हातारा. कशावरून म्हातारा? तिने ढिसाळ उत्तर दिलं की त्याला लगेच कळायचं आणि हाताला येईल ते भिंतीवर जायचं, पेला, ताट, एकदा तर गजराचं घड्याळ. ती अचूक होत गेली. भीतीने माणूस फार लवकर शिकतो. एकदा आई स्वयंपाकघरात रडत होती आणि तिने सांगितलं, आई झोपलीय. त्याने चाचपत तिचं मनगट पकडलं आणि पिरगळलं, हळूहळू, बाटलीचं झाकण उघडावं तसं. "मला फसवायचं नाही," तो म्हणाला. मनगटात काहीतरी सुटलं. ती त्या घरातून निघाली ती निघालीच. पुढे या नोकरीच्या मुलाखतीत विभागप्रमुख बाईंनी विचारलं, इतकं स्पष्ट सांगायला कुठे शिकलात? तेव्हा ती म्हणाली होती, घरीच, एक आजारी माणूस होता.

मध्यंतरानंतर पंचाने घरच्या संघाच्या लाडक्या खेळाडूला लाल कार्ड दाखवलं आणि खालची गॅलरी उठली. आधी बाटल्या गेल्या. मग दोन्हीकडच्या प्रेक्षकांच्या मधलं जाळीचं कुंपण पुढेमागे हलायला लागलं, आणि पुढच्या एका रेट्याला ते सबंधच्या सबंध आडवं झालं. माणसं त्यावरून धावली. तिला खुर्च्या उपटल्याचा आवाज काचेतूनसुद्धा ऐकू आला. कुणाच्या तरी पाठीवर खुर्चीचा पाय मोडला. खेळाडू मैदान सोडून पळाले, सुरक्षारक्षक मैदानाकडे पळाले, आणि भोंगा वाजायला लागला. भोंगा वाजला की लिफ्ट बंद होते. नियम तसाच होता: व्हीलचेअरवाल्यांनी जागच्या जागी थांबायचं, त्यांना उचलून नेणारी माणसं येतील. सराव झाला तेव्हा माणसं आलीही होती. आज जिन्याच्या दाराशी कुणी नव्हतं. स्वयंसेविका लिफ्टचं बटण पुन्हा पुन्हा दाबत होती.

"खेळाबद्दलच बोलत राहा," नियंत्रण कक्षातल्या माणसाचा आवाज तिच्या कानात आला. "घबराट नको. विश्रांती आहे म्हणा."

"खेळ थांबलाय," ती म्हणाली. "काय म्हणू?"

"काहीही म्हणा. हवामान सांगा."

समोर चौथऱ्यावर सगळ्यांचे चेहरे वर वळले होते. जे बघू शकत होते ते खाली बघत होते. जे बघू शकत नव्हते ते तिची वाट बघत होते. मालिशवाल्या बाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. तिने नियंत्रण कक्षाचा आवाज बंद केला. "ऐका," ती माइकमध्ये म्हणाली. "खालच्या गॅलरीत मारामारी सुरू झालीय. कुंपण पडलंय. लिफ्ट बंद आहे. जिन्याकडे जाऊ नका, जिना थेट मारामारीत उतरतो. कठड्यापासून मागे सरका, भिंतीला पाठ लावा. मास्तर, तुमच्या खुर्चीचा ब्रेक सोडा, स्वयंसेविका तुम्हाला मागे घेतेय." ते सरकले. कुणी ओरडलं नाही. इतक्या गोंधळात तेवढा एक चौथरा शहाण्यासारखा वागत होता आणि तो तिच्या आवाजावर चालत होता. तिला अंगातून ऊब चढत गेल्यासारखं वाटलं. दादा हलला नव्हता. तो उभा राहिला होता, काठी हातात, डोकं किंचित तिरकं, वास घेणाऱ्या जनावरासारखं.

पाहुण्या संघाच्या निळ्या जाकिटातला माणूस जिन्याने एकटाच वर आला. तो पळून वर आला होता की चाल करून, हे तिने नंतर पुष्कळ वेळा आठवून बघितलं आणि तिला सांगता आलं नाही. त्याची बाही फाटली होती, तोंडावर कुणाची तरी थुंकी की पाणी चकाकत होतं, आणि डोळे फिरलेले होते. त्याला समोर लाल मफलर दिसला. त्याने तो धरून ओढला. मफलर मास्तरांच्या गळ्यात होता. मास्तरांचं डोकं पुढे आलं, खुर्ची तिच्याच एका चाकावर फिरली आणि आडवी पडली, आणि मास्तर जमिनीवर, मफलर अजून त्या माणसाच्या हातात आणि दुसरं टोक अजून गळ्याभोवती. स्वयंसेविका भिंतीला चिकटून उभी राहिली. माणसाने आणखी एक हिसका दिला.

"दादा," ती म्हणाली.

इतक्या वर्षांनी तोंडातून तो शब्द आला तो सगळ्यांच्या कानात. "दादा, तुझ्या समोर. तीन पावलं. जमिनीवर मास्तर आहेत, त्यांच्या डावीकडून जा. तो वाकलाय. त्याचं तोंड तुझ्या छातीच्या उंचीला आहे. आता."

दादाची मूठ अशी गेली जणू मधली वर्षं गेलीच नव्हती. अंगठा बाहेर. मूठ गालावर बसली, गाल हलला, मग डोकं, मग तो आवाज, जो तिला काचेमागे ऐकू येणं शक्य नव्हतं. माणसाच्या हातातून मफलर सुटला. तो मागे गेला, कठड्यावर आपटला, सरळ झाला. त्याच्या नाकाने जरा विचार केला आणि रक्त सोडलं. आणि त्याने दोन्ही हात वर केले. तळवे उघडे, बोटं पसरलेली. तो काहीतरी बोलत होता, ओठ हलत होते. त्याचे डोळे आता फिरलेले नव्हते. एखाद्या माणसाला आपण कुठे आहोत हे अचानक कळावं तसे ते झाले होते, आणि त्यांच्यात साधी, ओली भीती होती. हे सगळं तिने पाहिलं. तिच्याइतकं स्पष्ट कुणीच पाहिलं नाही, कारण तिचं काम तेच होतं. दादा मूठ आवळून उभा होता, कान लावून, वाट बघत. आणि तिच्या आत काहीतरी फार जुनं, फार भुकेलं, भिंतीवर पाय हलवत बसलेलं होतं. तिला बोटं शटरखाली गेलेला तो मुलगा आठवला नाही. तिला स्वतःचं मनगट आठवलं नाही. तिला काहीही आठवलं नाही. फक्त हवं होतं.

"एक पाऊल पुढे," ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "तो कठड्याला टेकलाय. काठी उलटी धर. उजवीकडून, हनुवटीच्या उंचीला. मार."

काठीची मूठ लोखंडी होती. माणसाचे हात वरच राहिले, एक क्षण, जसं काही जबड्याला झालं ते हातांना अजून कळलंच नव्हतं. मग तो बाजूला गेला आणि जिन्यावरून खाली गेला, पायरीवरून पायरीवर, हात पाय कुठलेही कुठे, आणि वळणावर थांबला.

पोलीस आले, स्ट्रेचर आलं, उचलून नेणारी माणसंही आली. मास्तरांचा गळा सोलवटला होता, पण ते बोलत होते. विभागप्रमुख बाईंनी तिला मिठी मारली. "तू नसतीस तर काय झालं असतं," त्या म्हणाल्या आणि रडल्या. वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने तिच्याकडून चार वाक्यं ऐकली, मान हलवली, आणि म्हणाला, "तुमच्या भावाला दिसत नाही, बाई. आंधळा माणूस जिवाच्या भीतीने काठी फिरवणारच. त्यात गुन्हा कसला?" तिने तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात कुणीतरी त्याला हाक मारली आणि तो गेला.

लिफ्ट सुरू झाली तेव्हा मालिशवाल्या बाई तिच्या शेजारी येऊन थांबल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तो 'बस, बस' म्हणत होता. मी जवळ होते ना, मला ऐकू आलं. तुम्हाला काचेमागून ऐकू आलं नसेल."

"नाही," ती म्हणाली. "ऐकू नाही आलं."

हे खरं होतं. शब्दन्‌ शब्द खरा होता. बाईंनी मान हलवली आणि लिफ्टच्या दाराची कड चाचपली. "मग ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या सामन्याला त्या येणार नाहीत हे तिला त्याच क्षणी कळलं.

रात्र कशी गेली ते तिला कळलं नाही. ती पलंगावर कपड्यांसकट पडून होती आणि हातांचे ते दोन तळवे छताला चिकटलेले होते. पहाटे तिला एक भयंकर गोष्ट जाणवली: तिला भूक लागली होती, चांगली सडकून. ती उठली, पोटभर जेवली, आणि मग बेसिनवर वाकून सगळं ओकली.

सकाळी ती हॉस्पिटलात गेली. दादाच्या हाताचं हाड मोडलं होतं, रात्रभर त्याला ठेवून घेतलं होतं. तो वॉर्डाबाहेर बाकावर बसलेला होता, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, शेजारी काठी. तिची पावलं ऐकून तो हसला. जवळून तो म्हातारा दिसत होता. दाढी न केलेल्या गालावर पांढरे खुंट, आणि डोळ्यांच्या जागी चुरगळून पुन्हा सारखा केलेला कागद.

"ये ढमे," तो म्हणाला. "काय सांगितलंस काल! अगदी तंतोतंत. हनुवटी म्हणजे हनुवटी. मी तिकीट काढलं तेव्हा मला माहीत होतं की तू असतेस. मास्तर सांगत होते, एक मुलगी आहे, ती बोलली की दिसायला लागतं. म्हटलं, हीच असणार." त्याने बाकावर थाप मारली. "बस. पोलिसांचं मी बघितलंय. सांगितलं, कानातलं पडलं होतं, मला काही ऐकू आलं नाही, अंदाजाने फिरवली काठी. तुझी नोकरी सुरक्षित."

त्याच्या तोंडून आलेली ती स्तुती तिच्या अंगावर ऊन पडावं तशी पडली, आणि त्याचीच तिला किळस आली. ती बसली नाही. "दादा, दुसऱ्या वेळी त्याने हात वर केले होते."

दादाने शेजारची काठी चाचपली.

"शरण आला होता तो. मला दिसलं. मी तुला सांगितलं नाही. मुद्दाम सांगितलं नाही. मी पोलिसांकडे जातेय."

"मला माहीत होतं," दादा म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"तो थांबलाय ते. आंधळा झालो म्हणून बहिरा झालो का? बस बस म्हणत होता. त्याचा श्वास बदलला होता. समोरचा माणूस संपला की श्वास कसा होतो ते मला कळत नाही? आयुष्य गेलं त्यात. तू नसतीस बोलली तरी मारलं असतं."

"मी बोलले म्हणून मारलंस."

"नाही!" त्याचा आवाज एकदम चढला, पलीकडून जाणारी नर्स थांबली. तो खाली झुकून दातांतून बोलायला लागला. "तुला काय ठाऊक, माझे दिवस कसे जातात? रस्ता ओलांडायचा, तर कुणीतरी कोपर धरतं. मी मागितलेलं नसतं, तरी धरतात. दुकानात गेलो तर माझ्याशी बोलत नाहीत, शेजारच्याला विचारतात, यांना काय हवंय? काल त्या बाईने माझ्या कानात बोळा घालून दिला, लहान पोराला घालतात तसा. इतक्या वर्षांत मी स्वतः, माझ्या हाताने, एक गोष्ट केली. एक. तो फटका माझा आहे. तोही तू घेणार? जाऊन सांगणार, माझ्या आंधळ्या भावाला मी बाहुल्यासारखा चालवला?"

वाद जबड्याचा होता, आणि ज्याचा जबडा तो आत पडलेला होता. इथे दोघं भावंडं मिठाईवरून भांडावं तशी त्यावरून भांडत होती. तिला हसू येईल असं वाटलं, आणि त्या हसण्याची भीती वाटली.

समोरच्या वॉर्डाचं दार उघडलं आणि एक तरुण बाई बाहेर आली. रात्रभर खुर्चीत बसल्याने तिच्या गालावर खुर्चीच्या विणीचे वळ उठले होते. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेलं निळं जाकीट होतं. तिने दादाचं प्लास्टर बघितलं, काठी बघितली, मग हिच्याकडे आली.

"तुम्ही काल स्टेडियमवर होतात का?" तिने विचारलं. आवाज खरवडलेला होता. "माझा नवरा आत आहे. जबडा तारांनी बांधलाय, त्याला बोलता येत नाही. लिहायला दिलं तर हात कापतो. भावाला शोधायला गेला होता हो तो, गर्दीत भाऊ चुकला म्हणून. कुणी सांगतच नाही मला, कसं झालं. कुणी मारलं त्याला?"

"मी," दादा म्हणाला.

"मी," ती म्हणाली.

दोन्ही शब्द एकाच वेळी आले. बाई एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिली. दादाने प्लास्टरचा हात पुढे केला, पुरावा दाखवावा तसा. पण बाईचं लक्ष त्याच्या चेहऱ्यावर गेलं, त्या चुरगळलेल्या डोळ्यांवर, आणि तिने त्याच्यावरची नजर काढून घेतली. सगळं जग काढून घेतं तशी. तिने त्याला मोजलंच नाही. ती हिच्याकडे वळली.

"काठी याच्या हातात होती," ती बाईला म्हणाली. "कुठे मारायचं ते मी सांगितलं. तुमच्या नवऱ्याने आधी एका म्हाताऱ्या माणसाला पाडलं होतं. पण नंतर त्याने दोन्ही हात वर केले होते. तो बस म्हणत होता. मला दिसत होतं आणि मी मार म्हणाले."

बाईने पिशवी खाली ठेवली, नीट, भिंतीशी. आणि मग तिच्या गालावर अशी सणसणीत चपराक मारली की तिचं डोकं बाजूला गेलं आणि कानात शिट्टी वाजायला लागली.

दादा उठला. काठी बाकाखाली घरंगळली. "काय झालं?" त्याने विचारलं. "ढमे? तुला मारलं? कुणी मारलं तुला?" त्याचा डावा हात हवेत उघडला आणि मिटला. मूठ झाली. मान आधी उजवीकडे वाकली, मग डावीकडे. "कुठे आहे ती? कुठे उभी आहे, सांग."

बाई त्याच्या डाव्या अंगाला, हातभर अंतरावर होती. आपण काय केलं याने तीच जास्त हादरलेली, स्वतःचा लाल झालेला तळवा छातीशी धरून, श्वास रोखून. तिची पाठ भिंतीला होती. दादाचं डोकं तिरकं होऊन शोधत होतं.

"सांग ना! डावीकडे आहे ना? किती लांब? बोल, ढमे!"

तिने बाईच्या दंडाला धरलं आणि तिला अलगद आपल्या मागे घेतलं, बूट फरशीला घासणार नाही असं. दादाने खांदा मागे नेला. ती जिथे बाई होती तिथे जाऊन उभी राहिली, मूठ येताना तिने पाहिली, आपल्या खांद्याच्या हाडावर ती कशी बसेल ते तिला आधीच ठाऊक होतं, आणि ती बसली तेव्हा तिने तोंडातून आवाज काढला नाही.